विळीच्या टोपीची डाय : भोसरीतील एका टूलरूमचे परीक्षण

विळीचे पाते दुमडून पाटावर आडवे करता येते, पण त्याच्या टोकाची खवणी दुमडत नाही. तिचे दात उघडेच राहतात. अडीच वर्षांपूर्वी आमच्या सासूबाई ओट्याखालच्या कपाटातून डबा काढायला गेल्या आणि ते दात त्यांच्या मनगटाजवळ असे लागले की चार टाके घालावे लागले. त्यानंतर मी खवणीसाठी जाड कापडाची पिशवी शिवली. ती ओली राही, खवणीला गंज धरू लागला, आणि धुवायला काढलेली पिशवी पुन्हा घालायचे राहून जाई. खवणीवर घट्ट बसणारी, धुता येणारी आणि एका हाताने उघडता येणारी प्लास्टिकची टोपी बाजारात मिळाली असती तर मी ती विकत घेऊन विषय संपवला असता. पुण्यातल्या तुळशीबाग आणि बोहरी आळी या दोन्ही बाजारांत फिरूनही ती मिळाली नाही, तेव्हा ती आपणच करून घ्यायची असे ठरवले. ज्या टूलरूमने, म्हणजे साचे बनवणाऱ्या वर्कशॉपने, हे काम पुरे केले, तिच्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

टूलरूमचे नाव मी देत नाही. खाली कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत, आणि बारा-पंधरा माणसांच्या कारखान्याचे नाव घेऊन त्या मांडणे मला योग्य वाटत नाही. पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत अशी अनेक वर्कशॉप आहेत. ज्यांच्या मनात एखादी वस्तू घोळत आहे त्यांना त्यांतले चांगले कसे ओळखावे हे कळले, तर या लेखनाचा उपयोग झाला असे मी समजेन.

या टूलरूमकडे जाण्यापूर्वी मी एका सल्लागार संस्थेत पंचेचाळीस हजार रुपये घालवले होते. ‘कल्पना आमच्याकडे द्या, वस्तू घेऊन जा’ अशी त्यांची भाषा होती. दोन महिन्यांनी माझ्या हाती संगणकावर फिरणारे एक सुंदर चित्र, त्याची एक एसटीएल फाइल आणि पेटंटविषयीची काही मोघम आश्वासने आली. ती फाइल घेऊन मी भोसरीला गेले, तेव्हा मालकांनी ती उघडली आणि शांतपणे सांगितले की एसटीएल ही थ्रीडी प्रिंटिंगपुरती ठीक असते. तिच्यात पृष्ठभाग बारीक त्रिकोणांनी भरलेला असतो आणि त्यावर डायचे, म्हणजे वितळलेले प्लास्टिक भरायच्या पोलादी साच्याचे, डिझाइन करता येत नाही; त्यासाठी स्टेप फाइल लागते, जिच्यात पृष्ठभाग नेमके असतात. शिवाय त्या चित्रातल्या सगळ्या भिंती काटकोनात उभ्या होत्या. साच्यातून वस्तू सुटून यावी म्हणून भिंतींना एखाद्या अंशाचा उतार द्यावा लागतो. त्याला ड्राफ्ट म्हणतात. तो कुठेच नव्हता. म्हणजे ते चित्र डोळ्यांना कितीही चांगले दिसले तरी त्याची डाय होऊ शकत नव्हती. डिझाइन कोणाकडूनही करून घ्या, पण पैसे देण्याआधी ‘स्टेप फाइल देणार का आणि ड्राफ्ट दिला आहे का’ हे दोन प्रश्न जरूर विचारा, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

त्या पहिल्या भेटीत मालकांनी दर सांगितला नाही. त्यांनी विचारले, “ताई, टोपी कोणत्या विळीची?”

मला प्रश्नच कळला नाही. विळी ती विळी, असे मी धरून चालले होते. ते म्हणाले, “तुमच्या घरच्या विळीला बसेल अशी टोपी मी उद्या करून देईन. पण शेजारणीच्या विळीला ती बसली नाही तर विकणार कोणाला? आधी पाच-सात विळ्या घेऊन या, मग लोखंडाचे बोलू.”

त्या रविवारी मी बोहरी आळीतून आणि चिंचवडच्या बाजारातून वेगवेगळ्या सात विळ्या आणल्या आणि सोमवारी वर्कशॉपच्या टेबलावर ओळीने मांडल्या. मालकांनी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, घेतला आणि त्यांचा डायमेकर एकेक माप कागदावर उतरवू लागला. खवणीचा व्यास सर्वांत लहान विळीत 38 मिलिमीटर होता, तर सर्वांत मोठीत 53. खवणी जिथे पात्याला जोडलेली असते त्या मानेची जाडी 1.6 पासून 3.2 मिलिमीटरपर्यंत होती. दोन विळ्यांची खवणी पात्याच्या रेषेत होती, बाकीच्यांची थोडी वर उचललेली. एका विळीत तर ती रिव्हेट मारून वेगळी बसवली होती आणि तिचे डोके बाजूला उंच आले होते. माझ्या घरच्या विळीवर मापून केलेली टोपी या सातांपैकी फक्त दोन विळ्यांना बसली असती. तासभराचे हे काम त्यांनी एक पैसाही न घेता केले. त्या तासात माझे दीड लाख रुपये वाचले, असे मी आजही मानते.

उपाय त्यांनीच सुचवला. टोपी 58 मिलिमीटर व्यासाची करायची, म्हणजे सर्वांत मोठी खवणी आत मावेल. आणि लहान खवणी आत हलू नये म्हणून आतल्या बाजूने पातळ, लवचिक पाकळ्या द्यायच्या, ज्या खवणीच्या आकाराप्रमाणे दबतील. टोपीचे दोन अर्धे भाग शिंपल्यासारखे उघडतील आणि त्यांना जोडणारी बिजागरी वेगळी न लावता त्याच प्लास्टिकची पातळ पट्टी असेल. औषधाच्या किंवा शाम्पूच्या बाटलीचे झाकण उघडताना अशी बिजागरी आपण रोज पाहतो. या धंद्यात तिला लिव्हिंग हिंज म्हणतात. त्यासाठी प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीनच हवे, कारण ते वारंवार दुमडूनही तुटत नाही. नायलॉन किंवा एबीएस का नको, हेही त्यांनी मला प्लास्टिकच्या दाण्यांचे नमुने हातात देऊन समजावले. धातूच्या दातांना आणि पर्यायाने खोबऱ्याला लागणारी वस्तू म्हणून दाणा अन्नाच्या संपर्कासाठी योग्य असलेल्या ग्रेडचा घ्यायचा, हेही तेव्हाच ठरले.

थ्रीडी प्रिंटचा नमुना चार दिवसांत तयार झाला. त्याची बिजागरी तिसऱ्याच वेळी तुटली, आणि मी खट्टू झाले. तेव्हा मालकांनी सांगितले की प्रिंटमध्ये प्लास्टिक थरांवर थर चढत जाते, त्यामुळे बिजागरीची परीक्षा प्रिंटवर करायचीच नसते; प्रिंट हा माप, पकड आणि हाताला कशी वाटते हे पाहण्यासाठी असतो. सासूबाईंनी तो नमुना हातात घेतला आणि पहिल्याच वाक्यात दोष काढला : ओल्या बोटांनी टोपी उघडत नाही. त्यावरून कडेला अंगठा अडकेल अशी तीन मिलिमीटरची जीभ वाढवली गेली. ती जीभ आज टोपीचा सर्वांत वापरला जाणारा भाग आहे.

एक गोष्ट या सेवेच्या कक्षेत येत नाही, तरी त्यांनी आठवणीने सांगितली. आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवात नमुना सगळ्यांना दाखवायचा माझा विचार होता. ते म्हणाले, आधी डिझाइनची नोंदणी करा, मग कोणालाही दाखवा. 2000 च्या डिझाइन कायद्याप्रमाणे नोंदणी मिळण्यासाठी डिझाइन नवे असावे लागते आणि अर्जाच्या आधी ते कोठेही जाहीर झालेले चालत नाही. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे पाच वर्षे वाढवता येते. ही नोंदणी वस्तूच्या रूपाला संरक्षण देते. ती कशी काम करते त्याला नाही, त्यासाठी पेटंटचा मार्ग वेगळा आहे. माझ्या टोपीत शोध म्हणावा असे तंत्र नव्हते, म्हणून पेटंटच्या खर्चात मी पडले नाही. अर्ज झाल्यावरच नमुना हळदीकुंकवाला गेला.

आता डायविषयी. मी दोन कॅव्हिटींची, म्हणजे एका वेळी दोन टोप्या निघतील अशी डाय मागितली होती. मालकांनी एकाच कॅव्हिटीचा आग्रह धरला. दोन कॅव्हिटींच्या डायमध्ये त्यांना साठ-सत्तर हजार रुपये जास्त मिळाले असते, पण माझी पहिली गरज पाच हजार टोप्यांची होती आणि इतक्या नगांसाठी ती डाय मला कधीच परवडली नसती. एका कॅव्हिटीच्या डायचे 1,65,000 रुपये ठरले, त्यावर 18 टक्के जीएसटी; निम्मे आगाऊ, काही पहिल्या ट्रायलला आणि उरलेले नमुना मंजूर झाल्यावर. टोपीला आतून आकार देणारा भाग म्हणजे कोअर आणि बाहेरून आकार देणारा भाग म्हणजे कॅव्हिटी; दोन्ही पी-20 या साच्यांसाठीच्या पोलादाची. कोटेशनमध्ये कॅव्हिटींची संख्या, पोलादाचा प्रकार, गेटची (प्लास्टिक आत शिरण्याच्या तोंडाची) जागा आणि किती ट्रायल दरात धरल्या आहेत हे सगळे लिहिलेले होते. इतर दोन ठिकाणच्या कोटेशनमध्ये ‘डाय – 1 नग’ एवढेच होते, आणि त्यांतले एक तीस हजारांनी स्वस्त होते. स्वस्त कोटेशनचा मोह होतो, हे मी नाकारत नाही. पण ज्या कागदावर पोलादाचे नावच नाही त्या कागदावर पुढे कशासाठी भांडणार?

पहिल्या ट्रायलला मी हजर राहिले, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी राहावेच. 80 टनांच्या दाबाने डाय मिटून धरणाऱ्या मशीनवर ती चढवली होती. पहिल्या शॉटला टोपीचा एकच अर्धा भाग भरला; दुसरा भाग कडेला अर्धवट राहिला. याला शॉर्ट शॉट म्हणतात. गेट एका अर्ध्या भागावर होते आणि वितळलेले प्लास्टिक बिजागरीच्या अरुंद फटीतून पलीकडे जाण्याआधीच थिजत होते. दोन्ही भागांवर वेगवेगळी गेट दिली असती तर भाग सहज भरले असते, पण मग दोन प्रवाह नेमके बिजागरीवर येऊन मिळाले असते आणि ती सांध्याची रेघ तिथेच तुटली असती. म्हणून गेट एकच ठेवून बिजागरीची फट वाढवायची होती, आणि येथे डायमेकरची दूरदृष्टी मला प्रत्यक्ष दिसली. त्याने बिजागरी सुरुवातीला मुद्दाम 0.25 मिलिमीटरच ठेवली होती. डायमधले लोखंड नंतर घासून कमी करता येते, पण कमी झालेले लोखंड परत आणायचे तर वेल्डिंग करावे लागते आणि डायचे सौष्ठव जाते. म्हणून जिथे शंका असेल तिथे लोखंड राखून ठेवायचे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेल्या या तरुणाने त्याच दिवशी डाय उतरवून फट 0.35 वर नेली. संध्याकाळी टोपी पूर्ण भरली.

मशीनमधून पडलेली ती पहिली पूर्ण टोपी त्याने माझ्या हातात दिली. ती अजून चांगलीच गरम होती. “आत्ताच दोनदा मिटा आणि उघडा,” तो म्हणाला. मी मिटली, तेव्हा बिजागरीवर एक पांढुरकी रेघ उमटली आणि मला वाटले ती चिरली. पण बिजागरी अशीच पक्की होते. गरम असताना दुमडले की प्लास्टिकचे रेणू त्या पट्टीत दुमडीच्या आडव्या दिशेने ताणले जातात आणि पट्टी चिवट बनते. थंड झाल्यावर पहिल्यांदा दुमडली तर ती लवकर जाते. तेव्हापासून मशीनवर बसणारी बाई प्रत्येक टोपी बाहेर येताच दोनदा मिटून उघडते, आणि हे काम लेखी सूचनेत आहे.

त्या ट्रायलमध्ये आणखी दोन दोष निघाले. पाकळ्यांच्या मागे टोपीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर किंचित खळगे पडत होते, कारण पाकळ्या भिंतीच्या मानाने जाड झाल्या होत्या. आणि टोपीची कडी इतकी घट्ट होती की सासूबाईंच्या हातांनी उघडली नसती. दुसऱ्या आणि तिसऱ्या ट्रायलमध्ये हे दोन्ही दोष गेले आणि त्यांचे वेगळे पैसे लागले नाहीत, कारण तीन ट्रायल कोटेशनमध्येच धरल्या होत्या.

आता तक्रारी. पहिली मुदतीची. पंचेचाळीस दिवसांत डाय देतो असे सांगितले होते, ती अठ्ठ्याहत्तर दिवसांनी मिळाली. भोसरीतल्या बहुतेक टूलरूमचे पोट वाहनांच्या सुट्या भागांवर चालते. मोठ्या ग्राहकाची डाय मोडून आली की माझ्यासारखीचे काम बाजूला पडते, आणि वायरकट, म्हणजे तारेने आणि विजेच्या ठिणग्यांनी पोलाद कापण्याचे काम, बाहेरून करून घेत असल्याने तिथली रांग वेगळी. हे मी समजू शकते. मला खटकले ते न कळवणे. मी फोन केला की ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असे उत्तर येई. दोनदा मी गुरुवारी जाऊन परत आले, कारण त्या भागात साप्ताहिक सुटी गुरुवारी असते आणि मला ते कोणी सांगितले नव्हते. आठवड्यातून एकदा कामाचा एखादा फोटो पाठवला असता तरी माझा जीव भांड्यात पडला असता.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. दुसऱ्या लॉटमध्ये 1,200 टोप्या झाल्या आणि त्यांतल्या काही टोप्यांची बिजागरी दुकानदाराच्या हातातच तुटली. रनर, म्हणजे डायच्या वाटेत थिजलेले प्लास्टिक, आणि वाया गेलेले तुकडे दळून पुन्हा दाण्यात मिसळण्याची पद्धत या धंद्यात सर्रास आहे आणि जाड भिंतीच्या वस्तूत थोडे दळण खपूनही जाते. बिजागरीच्या वस्तूत मात्र ते अजिबात चालत नाही. पहिला लॉट कोऱ्या दाण्याचा होता, दुसऱ्यात रात्रपाळीने दळण मिसळले होते. मालकांनी चूक लगेच कबूल केली, सगळ्या टोप्या परत घेतल्या आणि नव्या करून दिल्या, त्याचा एक रुपयाही लावला नाही. तरीही हा दोष त्यांच्या तपासणीत सापडायला हवा होता. तो दुकानात सापडला, आणि त्या दुकानदाराने पुढची ऑर्डर दिली नाही. आता प्रत्येक लॉटच्या चलनावर ‘दळण नाही’ असे लिहून घेते आणि दर खोक्यातल्या दहा टोप्या स्वतः पन्नास-पन्नास वेळा मिटून पाहते.

पैशांचा हिशेब उघड सांगते, कारण तो मला सुरुवातीला कोणी सांगितला नाही. एका टोपीचे वजन 14 ग्रॅम. रंगासह दाण्याचे साधारण एक रुपया ऐंशी पैसे. मशीनवर एक टोपी 28 सेकंदांत निघते. तिचे अडीच रुपये. छापील कार्ड आणि पॅकिंगचे साडेपाच. म्हणजे टोपी जेमतेम दहा रुपयांची. पण डायचे 1,65,000 रुपये पहिल्या पाच हजार टोप्यांवर वाटले की प्रत्येकीवर तेहतीस रुपये चढतात आणि ती सुमारे त्रेचाळीसला पडते. छापील किंमत 99 ठेवली. तुळशीबागेतल्या व्यापाऱ्याला ती 52 ला जाते, वर दोन महिन्यांची उधारी. पहिल्या पाच हजारांत एका टोपीमागे नऊच रुपये उरतात, आणि वाहतूकही त्यांतूनच जाते. खरी कमाई त्यानंतर. माझ्या आतापर्यंत 6,300 टोप्या विकल्या गेल्या आहेत. ज्यांना पहिल्याच लॉटमध्ये नफा हवा आहे त्यांनी डायच्या वाटेला जाऊ नये. तीनशे-चारशे नगच विकायचे असतील तर थ्रीडी प्रिंट किंवा सिलिकॉनच्या साच्यातले कास्टिंग महाग वाटले तरी एकूण खर्च कमी येतो.

पॅकिंगच्या कार्डावर काय छापायचे, याबाबत या टूलरूमची मदत होत नाही, आणि ती त्यांच्याकडून अपेक्षितही नाही. पाकीटबंद मालासाठीच्या वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापांच्या कायद्याच्या) 2011 च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचे किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता, नगसंख्या, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळे लागते. माझ्या पहिल्या हजार कार्डांवर महिना राहून गेला होता. ती कार्डे रद्द करावी लागली.

डाय माझ्या मालकीची असली तरी ती त्यांच्याच रॅकवर असते, आणि नवीन माणसाची फसगत बहुधा येथेच होते. या टूलरूमने मागण्याआधीच लेटरहेडवर लिहून दिले की डाय ग्राहकाची आहे, मागितल्यावर ती सात दिवसांत परत मिळेल आणि तिच्यावर दुसऱ्या कोणासाठी माल काढला जाणार नाही. डायवर माझे नाव पंच केलेली पट्टी आहे, तिचा फोटो माझ्याकडे आहे, आणि प्रत्येक लॉटनंतर गंजरोधक तेल मारून ती मेणकागदात गुंडाळलेली मी स्वतः पाहिली आहे.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर वस्तूचा विचार आणि डायचे काम यांना मी पाच देईन, व्यवहाराच्या स्वच्छतेला पाच, मालाच्या तपासणीला तीन आणि मुदत पाळण्याला दोन. ज्यांना दिवाळीच्या किंवा गणपतीच्या आधी माल दुकानात हवा आहे त्यांनी अशा ठिकाणी किमान पाच महिने हाताशी ठेवून जावे. माझी पुढची वस्तू, अडकित्त्याच्या पात्याची टोपी, मी यांच्याकडेच देत आहे. त्यासाठी या वेळी मी स्वतःहून नऊ अडकित्ते घेऊन गेले होते; मालकांनी व्हर्निअर काढला आणि चहा मागवला.